सातव्या डब्याचा नान

आमच्या बोझकुदुक स्टेशनावर दोन वेळा नांदत होत्या. एक स्टेशनाच्या भिंतीवरच्या घड्याळातली, ती मॉस्कोची. दुसरी आभाळातली, ती आमची. दोन्हींत दोन तासांचं अंतर. सूर्य डोक्यावर येऊन सावली पायाशी गोळा झाली की घड्याळात सकाळचे दहा वाजलेले असत. ओरेनबुर्गपासून ताश्कंदपर्यंत जेवढे रूळ पसरलेत तेवढ्या सगळ्यांवर तेव्हा हीच रीत होती. गाड्या घड्याळाने यायच्या, मेंढ्या सूर्याने परतायच्या. आम्ही रेल्वेची माणसं दोन्ही सांभाळायचो आणि त्याचा आम्हाला तोराही होता.

मी बेचाळीस वर्षं रूळ तपासत चाललो. रोज नऊ किलोमीटर जायचं, नऊ यायचं, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा. रुळावर हातोडा टाकला की आवाजावरून कळतं आत तडा आहे की नाही. हे काम मला कुणी शिकवलं नाही, कानाने शिकवलं. उर्कियाच्या आत तडा आहे हे मात्र मला बरीच वर्षं कळलं नाही. ती आमच्या शेजारच्या घरात राहायची आणि रोज दिसायची, म्हणून असेल.

उर्किया स्टेशनावर गाड्या घ्यायची. लाल टोपी, इस्त्रीचा निळा कोट, हातात गुंडाळलेला पिवळा झेंडा. गाडी येताना ती घड्याळाखाली अशी उभी राहायची की झारच्या काळातल्या त्या पिवळ्या विटांच्या इमारतीबरोबर तिलाही बांधून काढलंय असं वाटावं. तिचे वडील बैमुरात याच स्टेशनावर रूळ बदलणारे सांधेवाले होते आणि घड्याळाला किल्ली द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या घरात चहासुद्धा मॉस्कोच्या वेळेने व्हायचा. गावातले लोक हसायचे, म्हणायचे, बैमुरातच्या अंगणात सूर्य विचारून उगवतो. बैमुरात त्यावर मान ताठ करून पुढे जायचे. उर्कियाने त्यांची टोपी घेतली नाही, पण मान घेतली.

तिला एक धाकटी बहीण होती, दामेली. आई लवकर गेली, तेव्हा उर्कियानेच तिला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. मोठ्या साहेबांच्या दारात तीनदा जाऊन तिने दामेलीला तारेच्या शाळेत जागा मिळवून दिली. तार शिकली असती तर पोरगी स्टेशनात खुर्चीवर बसली असती. दामेली चार महिने शिकली, आणि सुट्टीत आली ती सांगतच आली की माझं लग्न ठरलंय. मुलगा वाळूतला मेंढपाळ, नाव सेइलखान, स्टेशनापासून दोन दिवसांच्या वाटेवर त्याचा तळ.

ते भांडण मी माझ्या कानांनी ऐकलं. आमच्या दोन्ही घरांमध्ये एकच मातीची भिंत आहे. उर्किया ओरडली नाही. ती इतकंच म्हणाली, "आपल्या बापाच्या घड्याळाने चालणं तुला जमलं नाही. जा, सूर्य बघून जग."

दामेली बोचकं बांधत होती. म्हणाली, "सूर्य निदान आपल्या गावचा आहे, अपा."

अपा म्हणजे थोरली बहीण. तो शब्द त्यानंतर त्या घरात ऐकू आला नाही. जाताना दामेलीने घरचा नानही तोंडाला लावला नाही. आमच्यात दारातून निघालेला माणूस कितीही घाईत असो, कितीही रागात असो, नानचा एक घास तोडून जातो. तो घास परतीची वाट धरून ठेवतो असं आम्ही मानतो. उर्किया नान हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. दामेली तिच्या बाजूने निघून गेली.

नऊ वर्षं गेली. पत्र नाही, निरोप नाही. मग एका एप्रिलमध्ये ताश्कंदच्या बाजूच्या एका स्टेशनावरून तार आली. तार घेणारा म्हातारा स्वतः ती घेऊन उर्कियाच्या दारात गेला, कारण त्यालाही नाव आठवत होतं. तारेत एवढंच होतं: शनिवारी एक वाजता तुझ्या स्टेशनावरून जाते. डबा सात. ओरेनबुर्गच्या दवाखान्यात चाललेय. नान घेऊन ये. दामेली.

उर्कियाने ती तार माझ्या बायकोला, झाउरेला, दाखवली. एक वाजताची गाडी कुठली हे विचारायची गरजच नव्हती. मॉस्कोकडे जाणाऱ्या दोन गाड्या दुपारी आमच्याकडे थांबत. पहिली घड्याळात अकरा-दहाला, म्हणजे सूर्याच्या एक-दहाला. दुसरी घड्याळात एक-पाचला, म्हणजे सूर्य कलल्यावर, तीनच्या पुढे. तारेत एक वाजता लिहिलंय, म्हणजे एक-पाचची. रेल्वेचं माणूस दुसरं कुठलं घड्याळ मोजणार?

त्या शनिवारी तिने रजा घेतली. कणीक पहाटेच मळून ठेवली. नान बहिणीच्या हातात पडताना गरम असावा म्हणून तंदूर मुद्दाम उशिरा पेटवायचं ठरवलं. तिची खूण ठरलेली होती. अकरा-दहाच्या गाडीची शिट्टी झाली की काटेरी झुडपांचा भारा तंदुरात लोटायचा. तासाभरात निखारे होतात, मग नान लावायचे. शिट्टी झाली. तिने भारा लोटला. स्टेशन तिच्या अंगणापासून दोनशे पावलांवर. गाडी थांबल्याचा आवाज तिने ऐकला, तीन मिनिटं उभी असल्याचा ऐकला, निघाल्याचाही ऐकला. तेवढा वेळ ती तंदुरावर वाकून धुराने आलेलं डोळ्यांचं पाणी बाहीने पुसत होती.

तीन वाजता ती चार नान रुमालात बांधून प्लॅटफॉर्मवर गेली. सातव्या डब्याच्या कामावरची बाई म्हणाली, या नावाचं कुणी नाही. उर्कियाने सहावा विचारला, आठवा विचारला. गाडी गेली. मी तेव्हा हातोडा घेऊन परतत होतो. ती घड्याळाखाली उभी होती आणि वर बघत होती. मी विचारलं, काय झालं. घड्याळावरून नजर न काढता ती म्हणाली, "ओराज, नऊ वर्षं वाळूत राहिलेली बाई कुठली वेळ लिहील?"

उत्तर तिच्या हातातच होतं, निवत चाललेलं.

तिने ओरेनबुर्गला जायला आठ दिवसांची रजा मागितली. रजा मंजूर होऊन आली त्याच दिवशी सेइलखानचं पत्र आलं. शस्त्रक्रियेच्या आधीच दामेली गेली. मेंढ्या व्यायचे दिवस होते, म्हणून तो तळ सोडू शकला नव्हता, तिला एकटीलाच पाठवलं होतं. पत्र चार ओळींचं. त्यात बोझकुदुकचा उल्लेख नव्हता.

माणूस मेलं म्हणजे रडून मोकळं होता येतं. उर्कियाला रडताच येईना, कारण तिचं मन त्या तीन मिनिटांत अडकून पडलं. दामेली सातव्या डब्याच्या खिडकीशी उभी राहिली असणार. प्लॅटफॉर्मवर अपा नाही. मग तिला काय वाटलं? वेळ चुकली असं, की अपा अजून रागात आहे असं? एवढं एक कळावं, बाकी काही नको, असं उर्कियाचं झालं.

आणि याचं उत्तर एका घड्याळावर टांगलेलं होतं. दामेलीने खिडकीतून स्टेशनाचं घड्याळ पाहिलं असेल, तर त्यात अकरा-दहा दिसले असतील. बैमुरातची मुलगी ती. एका क्षणात तिला कळलं असणार की आपण सूर्याची वेळ लिहिली आणि अपा घड्याळाची धरून बसली. पण सातवा डबा जिथं थांबतो तिथं, डबा आणि घड्याळ यांच्या मधे, एक जुना काराघाश आहे. हे आमच्याकडचं एल्मचं झाड, रुळांबरोबरच लावलेलं. हिवाळ्यात प्लॅटफॉर्मवरून त्याच्या फांद्यांतून घड्याळ दिसतं. पानं आली की दिसत नाही. एप्रिल हा मधला महिना. कुठल्या वर्षी पानं लवकर येतात, कुठल्या वर्षी उशिरा.

त्या शनिवारी झाडाला पानं होती का? उर्कियाला आठवेना. ज्या झाडाखाली ती आयुष्यभर उभी राहिली ते झाड त्या एका दिवशी कसं होतं, ते तिच्या डोळ्यांतून पुसून गेलं होतं. तिने तारवाल्याला विचारलं. तिकिटाच्या बाईला विचारलं. मला तर कितीदा विचारलं. मी त्या वेळी नऊ किलोमीटर दूर होतो, तिथं एकही झाड नाही. एकदा झाउरेने तिचं दुःख पाहून सांगितलं की पानं नव्हती, मला पक्कं आठवतं. उर्किया म्हणाली, "तुला कालचं आठवत नाही, झाउरे. तुझं मन चांगलं आहे, पण साक्ष नको देऊस."

त्यानंतर उर्किया रोज अकरा-दहाच्या गाडीला सातव्या डब्यापाशी नान घेऊन जाऊ लागली. कामावर असली की झेंडा एका हातात, रुमाल दुसऱ्या. निवृत्त झाल्यावर नुसता रुमाल. नवे प्रवासी तिला विकणारी समजून हाक मारत, नान केवढ्याला देतेस विचारत. ती विकायची नाही. दारात येईल त्याच्यापुढे नान धरायची, आणि पुढे धरलेला नान आमच्यात कुणी नाकारत नाही. एक घास तोडायचा, तोंडात टाकायचा, झालं. हळूहळू डब्यातल्या बायकांमध्ये तो रिवाजच पडला. चहा देणाऱ्या, अंथरुणं देणाऱ्या त्या बायका एकमेकींना सांगायच्या की सातवा डबा मिळाला तर बोझकुदुकला खाली उतर आणि घास घे, प्रवास सुखाचा होतो. हसतखेळत घ्यायच्या. उर्किया हसायची नाही. घास देऊन झाला की ती खिडकीखाली उभी राहून घड्याळाच्या दिशेने बघायची, मान तिरकी करून, टाचा उंचावून. आमचा प्लॅटफॉर्म बुटका, मातीचा. डबा चार पायऱ्या वर. खालून पाहिलेलं आणि वरून पाहिलेलं सारखं नसतं हे तिला कळत होतं.

मी एकदा म्हटलंही, अपा, वर चढून एकदा बघ. तोवर आम्हीही तिला अपा म्हणू लागलो होतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी बोललो नाही. नंतर माझ्या लक्षात आलं. जोवर ती वर चढली नव्हती, तोवर दामेलीला घड्याळ दिसलं असेल असं मानता येत होतं.

अशी वीस वर्षं गेली. मॉस्कोचं राज्य गेलं, आमचा देश वेगळा झाला, तरी घड्याळ बरीच वर्षं तसंच चालत राहिलं. मग एका वसंतात कागद आला. मेपासून गाड्या आपल्या देशाच्या वेळेने धावतील. जुनं घड्याळ उतरवायचं. आणि बोझकुदुकला दुपारची गाडी थांबणार नाही. पाणी भरायला इंजिनं थांबत तेव्हा आमच्या टाकीची किंमत होती. आता इथं कुणाचं काय काम, असं कागदात लिहिलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला कळत होतं.

उर्कियाने कागद ऐकला आणि कॅलेंडर मागितलं. एप्रिलचा तोच शनिवार अजून पुढे होता. ती झाउरेला म्हणाली की त्या दिवशी मला लवकर जाऊन उभं राहायचंय, तर माझ्या तंदुरात नान तू भाजून दे. सूर्याच्या साडेअकराला पेटव, एकच्या आत आण. झाउरेने हो म्हटलं. माझी बायको देवमाणूस आहे, पण सगळं आयुष्य अर्धा तास मागे राहून जगली. मी तिला हे सांगतो तेव्हा ती म्हणते, मी आहे म्हणून तुला घाई करायला मिळते.

तो दिवस निरभ्र होता, वारा नव्हता. काराघाशाला पानं होती आणि नव्हतीही. कळ्या फुटून प्रत्येक फांदीवर हिरवा धुरळा बसल्यासारखा दिसत होता. उर्कियाने जुना निळा कोट घातला होता, तो आता तिच्या अंगावर लोंबत होता. मी शेजारी उभा होतो. एक वाजत आला. झाउरेचा पत्ता नाही. पाच मिनिटं, सात. लांबून शिट्टी झाली. उर्कियाने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं आता ती काहीतरी लागेलसं बोलेल. तिने हात कोटाच्या खिशात घातले. गाडी आली, सातवा डबा झाडापाशी थांबला आणि दार उघडून रोझा नावाची डब्यातली बाई खाली वाकली.

"अपा, आज शेवटचा घास. कुठाय?"

"आज नाही," उर्किया म्हणाली. "मला वर घे. खिडकीपर्यंत."

रोझाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तिने हात दिला. उर्किया चार पायऱ्या चढली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती किती म्हातारी झाली आहे. मग ती डब्याच्या बोळातल्या पहिल्या खिडकीशी दिसली. काचेमागचं माणूस ओळखीचं असलं तरी परकं दिसतं. मला क्षणभर उर्किया दिसलीच नाही. कुणी दुसरीच बाई दवाखान्याला निघाली आहे आणि प्लॅटफॉर्मवर कुणाला तरी शोधते आहे असं वाटलं. शोधणारे डोळे माझ्यावरून गेले. थांबले नाहीत.

ती घड्याळाकडे बघत राहिली. मान डावीकडे, मान उजवीकडे. मग तिची नजर वर सरकली, मालाच्या गोदामाच्या भिंतीवरून पलीकडे, आणि तिथंच राहिली. तिचा हात काचेवर आला. गाडी हलली तरी ती हलेना. मी चालायला लागलो, मग धावायला. रोझाने तिला धरून दाराशी आणलं आणि जवळजवळ माझ्या अंगावर सोडलं.

गाडी गेली. धूळ खाली बसली.

"घड्याळ दिसत नाही," ती म्हणाली. "पानं असोत, नसोत. झाडाचं खोडच आडवं येतं. कधीच दिसत नव्हतं."

वीस वर्षांचं पान तिच्या हातातून गळून पडलं होतं.

"धूर दिसतो," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. खालून फक्त गोदामाची भिंत. आम्ही भिंतीला वळसा घालून घराकडे आलो. अंगणात झाउरे तंदुरावर वाकून डोळे पुसत होती आणि धूर सरळ आभाळात उभा होता. आम्हाला पाहताच ती सांगू लागली की वेळेचं भान राहिलं नाही, गाडीची शिट्टी ऐकली तेव्हा आठवलं, तेव्हाच भारा लोटला, अपा, मला मार हवं तर. उर्किया तिच्यासमोर उभी राहिली. तिने झाउरेच्या कपाळावरची राख आपल्या अंगठ्याने पुसली.

"बरोबर वेळेला पेटवलास," ती म्हणाली.

मग तिथंच दगडावर बसून ती हळू आवाजात बोलली, आम्हाला की स्वतःला कुणास ठाऊक. "म्हणजे तिला कळलं असणार, मी घरी होते. तंदूर पेटलाय." थोडं थांबून, "तंदूर पेटलाय, आणि मी घरी होते." दोन्ही वेळा शब्द तेच होते. आवाज एक नव्हता.

घड्याळ उतरलं. भिंतीवर गोल पांढरा डाग राहिला. उर्किया प्लॅटफॉर्मवर पुन्हा गेली नाही. दुपारची गाडी न थांबता जाऊ लागली, पण गावाजवळ शिट्टी देतेच. ती शिट्टी झाली की उर्कियाच्या अंगणातून धूर निघायचा. रोज, न चुकता. नान दोनच भाजायची. एक आमच्याकडे यायचा. दुसऱ्याचा एक घास तोडलेला असायचा आणि तो खिळ्याला टांगलेला असायचा. त्या घासाचं आम्ही कधी विचारलं नाही.

पाच हिवाळे असे गेले. सहाव्यात ती गेली. तिला आम्ही बैमुरातच्या शेजारी ठेवलं, रुळांपासून फार दूर नाही. घराला मीच कुलूप लावलं. तंदुरावर झाकण ठेवून वर दगड ठेवला.

गेल्या वसंतात झाउरेचे डोळे दाखवायला आम्ही ओरेनबुर्गला निघालो. गाडीत बसायला आता जवळच्या मोठ्या स्टेशनापर्यंत उंटाने उलटं जावं लागतं, म्हणजे ताश्कंदच्या बाजूला, आणि मग गाडी आपल्याच गावावरून न थांबता जाते. तिकिटं सातव्या डब्याची मिळाली. मी मागितली नव्हती. बोझकुदुक जवळ आलं तशी शिट्टी झाली. पिवळ्या विटा, पाण्याची टाकी, काराघाश. त्याच्या खोडामागे तो पांढरा डाग असणार, दिसला नाही. आणि गोदामाच्या भिंतीवरून धूर निघत होता. पातळ, सरळ, आत्ताच भारा लोटल्यासारखा.

आम्ही दोघं डब्यात होतो. त्या अंगणांत तिसरं माणूस राहत नाही.

झाउरेला नीट दिसत नाही. तिने नाक खिडकीच्या फटीला लावलं आणि म्हणाली, "कुणीतरी वेळेवर पेटवलाय."

मी त्या वाटेने कधी गाडीतून गेलो नव्हतो, कायम रुळावर, पायी. त्या खिडकीतून घर कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. धूर पाहताच छातीत ऊब आली, कुणीतरी आपल्यासाठी नान भाजतंय असं वाटलं. गाडी पुढे गेली, रूळ वाळूकडे वळले, धूर बारीक होत होत दोऱ्याएवढा राहिला. तेव्हा मनात आलं, एवढ्या जवळ आहे, मग आली का नाही?

झाउरेने पिशवीतला नान काढला, एक घास तोडून माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो खिडकीकडे तोंड करून खाल्ला.